एकच बी, चार भांडी : कॉफीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इथिओपियातील यिर्गाचेफे भागातली, धुऊन वाळवलेली आणि हलकी भाजलेली कॉफी मी आणली. पाकिटावर जाईच्या फुलांचा वास, लिंबाची साल आणि काळा चहा अशा चवी लिहिल्या होत्या. तीच बी दळून मी फ्रेंच प्रेस (पूड पाण्यात मुरवून जाळीच्या दट्ट्याने खाली दाबायचे भांडे), व्ही६० (वरून पाणी ओतायचा, कागदी गाळणीचा शंकू), एअरोप्रेस (दट्ट्याने कॉफी दाबून गाळायचे नळकांडे) आणि मोका पॉट (विस्तवावर वाफेच्या दाबाने पाणी पुडीतून वर चढवणारे भांडे) अशा चार प्रकारे कॉफी करून पाहिली. व्ही६०मध्ये फुलांचा वास स्पष्ट आला, प्रेसमध्ये तो पुसट झाला, एअरोप्रेसमध्ये आंबटपणा पुढे आला आणि मोका पॉटमध्ये कडवटपणाशिवाय काहीच हाती लागले नाही. यातली या बीची खरी चव कोणती समजायची?

उत्तर : आपण चार भांड्यांची तुलना केली असे आपल्याला वाटते आहे, पण प्रत्यक्षात आपण चार वेगवेगळ्या कडकपणाच्या कॉफ्यांची तुलना केली आहे, आणि आपल्याला जाणवलेला निम्म्याहून अधिक फरक मला तिथूनच आलेला दिसतो. कॉफीच्या बाबतीत ‘कडक’ आणि ‘कडू’ हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. चव पारखायला बसताना मात्र ते कटाक्षाने वेगळे ठेवावे लागतात. पेयामध्ये कॉफीचा विरघळलेला अंश किती, यावर कडकपणा ठरतो. पुडीतला किती भाग पाण्यात उतरला, हे दुसरे माप आहे, आणि कडूपणाचा संबंध बराचसा त्याच्याशी येतो. भाजलेल्या बीचा साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण तो सगळा उतरवला तर पेय कडवट आणि तुरट होते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतले संशोधक अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५०च्या दशकात या दोन मापांचा एकत्र तक्ता मांडला, आणि पुडीचा १८ ते २२ टक्के भाग उतरावा व पेयात विरघळलेला अंश १.१५ ते १.३५ टक्क्यांच्या आसपास असावा, हा त्या तक्त्याचा मधला चौकोन आजही जगभर आधाराला घेतला जातो.

आता आपला मोका पॉट पाहा. तीन कपांच्या भांड्यात साधारण १६ ग्रॅम पूड बसते आणि वर जेमतेम १३० ग्रॅम पेय येते. पुडीचा पाचवा हिस्सा उतरला असे धरले तर ३.२ ग्रॅम अंश १३० ग्रॅम पेयात आहे, म्हणजे सुमारे अडीच टक्के. व्ही६०मध्ये तोच पाचवा हिस्सा उतरून पेय सव्वा ते दीड टक्क्याच्या आत राहते. एका कपात दुप्पट कडक कॉफी असेल, तर जिभेला फुलांचा वास शोधायला उसंतच मिळत नाही. जाईसारखे हलके सुगंध हे यिर्गाचेफेचे वैशिष्ट्य आहे. ही झाडे समुद्रसपाटीपासून १,७०० मीटरहून अधिक उंचीवर वाढतात, फळ सावकाश पिकते, आणि धुऊन वाळवण्याच्या पद्धतीत गर आधीच काढून टाकत असल्यामुळे बीचा स्वतःचा आंबटपणा आणि वास उघडा राहतो. असा नाजूक ऐवज कडकपणाखाली सर्वांत आधी दबतो.

म्हणून पहिली गोष्ट ही करावी की, प्रत्येक ग्रॅम पुडीमागे १५ ग्रॅम पेय, या एकाच मापावर चारही कप आणावेत. मोका पॉटच्या १३० ग्रॅम पेयात ११० ग्रॅम गरम पाणी मिसळावे. व्ही६०मध्ये १५ ग्रॅम पुडीवर २५५ ग्रॅम पाणी ओतावे. पूड आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवत असल्यामुळे खाली साधारण २२५ ग्रॅम पेय उतरते. फ्रेंच प्रेसचा हिशेब थोडा निराळा आहे, आणि पुष्कळ जण इथेच चुकतात. प्रेसमध्ये पूड आणि पाणी शेवटपर्यंत एकत्र असतात, त्यामुळे चोथ्यात अडकून राहणारे पाणी हे वरच्या पेयाइतकेच कडक असते आणि तेवढा अंश आपल्या हाती येत नाही. व्ही६०मध्ये मात्र शेवटी अडकलेले पाणी बरेच फिके असते. सबब प्रेसमध्ये १५ ग्रॅम पुडीला पाणीच २२५ ग्रॅम घ्यावे आणि कपात कमी पेय येईल हे मान्य करावे. एअरोप्रेसलाही हाच हिशेब धरावा. विरघळलेला अंश मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर हाताशी असेल तर उत्तमच. नसेल तर ग्रॅमचा साधा वजनकाटा आणि हे गणित पुरेसे आहे.

हा प्रयोग मी स्वतः पहिल्यांदा केला तेव्हा मोका पॉटच्या पेयात पाणी घालताना मन कचरत होते, कारण पाणी घातले म्हणजे कॉफी पातळ केली ही समजूत डोक्यात घट्ट बसलेली होती. पाणी घालून कप थोडा निवू दिला आणि घोट घेतला, तेव्हा ज्या कपात केवळ कडवटपणा आहे असे मी ठरवून टाकले होते, त्याच कपात संत्र्याच्या सालीसारखा एक वास सावकाश वर आला. फुलांचा वास व्ही६०इतका स्पष्ट नव्हता, पण बी तीच आहे हे डोळे मिटूनही ओळखता आले असते.

उरलेला कडवटपणा भांड्याच्या हाताळणीतून येतो, आणि तो टाळता येतो. खालच्या भागात गार पाणी न भरता उकळते पाणी वाफ सोडणाऱ्या झडपेच्या खालपर्यंत भरावे, म्हणजे भांडे विस्तवावर तापत असताना मधली पूड विनाकारण भाजली जात नाही. आच मंद ठेवावी आणि झाकण उघडे ठेवून पाहत राहावे : सुरुवातीला धार गडद तपकिरी, दाट आणि शांत असते, मग ती मधाच्या रंगाची होऊ लागते, आणि पुढे फसफस सुरू होते. मधाचा रंग दिसताच भांडे उतरवावे आणि त्याचा बुड गार पाण्याच्या धारेखाली धरावा. फसफस होऊ दिली म्हणजे खालची वाफ आणि उरलेले अतिगरम पाणी आधीच रिकाम्या होत आलेल्या पुडीतून जाते आणि शेवटचा कडू भाग घेऊन वर येते. अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून १९३३ साली हे भांडे बाहेर आले; त्यातला दाब एक ते दोन बारच्या (बार हे दाबाचे एकक) घरातला, आणि यंत्राने जोरात दाबून काढलेल्या एस्प्रेसो कॉफीचा नऊ बारच्या आसपासचा, म्हणून मोका पॉटच्या कॉफीला एस्प्रेसोच्या मापाने तोलणे हा त्या भांड्यावर अन्याय आहे.

कडकपणा सारखा केल्यावरही काही फरक उरेल, आणि तोच त्या भांड्याचा खरा फरक होय. व्ही६०मध्ये कागद तेल आणि बारीक गाळ अडवतो, म्हणून चवी एकमेकींपासून सुट्या आणि स्वच्छ लागतात. प्रेसमध्ये जाळीतून दोन्ही पार होतात, म्हणून घोट जिभेवर जड आणि मऊ वाटतो आणि आंबटपणाची धार बोथट होते. एअरोप्रेस या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. खऱ्या चवीचे म्हणाल, तर मी कोणत्याही भांड्याला तो मान देणार नाही. बीमध्ये जे आहे त्यातला कोणता भाग पुढे आणायचा आणि कोणता मागे ठेवायचा, हे भांडे ठरवते. बीमध्ये नसलेले काही ते निर्माण करू शकत नाही. पारख करणारे लोक कपिंग, म्हणजे ठरलेल्या रीतीने चव-चाचणी, करतात तेव्हा ८.२५ ग्रॅम जाडसर पुडीवर १५० मिलिलिटर पाणी सुमारे ९३ अंशांना ओततात, चार मिनिटांनी वर जमलेल्या पुडीची साय चमच्याने मोडतात, तरंगणारी पूड काढून टाकतात आणि पेय निवत जाताना चमच्याने चाखतात. त्यात हातचलाखीला फारसा वाव नसतो, म्हणून पाचवा कप कपिंगचा करावा आणि बाकीचे चार त्याच्याशी ताडून पाहावेत, एवढे मी जरूर सुचवीन.

प्रश्न : तुलना न्याय्य व्हावी म्हणून सगळ्या भांड्यांसाठी एकाच जाडीची पूड आणि एकाच तापमानाचे पाणी वापरावे का?

उत्तर : पुडीच्या बाबतीत नाही. जाडी सारखी ठेवली की तुलना न्याय्य होते हे वरवर पटण्याजोगे आहे, परंतु प्रत्येक भांड्यात पाण्याचा आणि पुडीचा सहवास निराळा असतो. व्ही६०मधून पाणी तीन मिनिटांत निघून जाते आणि दरवेळी ताजे पाणी पुडीला भिडते. प्रेसमध्ये तेच पाणी पुडीसोबत मुरत राहते आणि जसजसे कडक होते तसतसा अंश उतरण्याचा वेग मंदावतो. प्रेसची जाडीभरडी पूड व्ही६०मध्ये घातली तर पाणी भराभर खाली जाते आणि पेय फिके व टोचऱ्या आंबटपणाचे होते. एअरोप्रेसची बारीक पूड घातली तर पाणी तुंबते. सारखी ठेवायची ती उतरलेल्या अंशाची मात्रा, आणि ती सारखी राहावी म्हणून जाडी बदलावीच लागते.

जिभेने हे ओळखण्यासाठी मी दोन खुणा पाहतो. घोट गिळल्यावर आंबटपणा लगेच टोचतो आणि मागे गोडवा न उरता चव तुटते, तेव्हा अंश कमी उतरला आहे. पूड थोडी बारीक करावी. कच्च्या फळाच्या सालीने होते तशी जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात, तेव्हा जास्त उतरला आहे किंवा पाणी पुडीतून एकसारखे गेलेले नाही. पूड जाड करावी, किंवा ओतण्याचा हात शांत करावा. आपण मांडलेल्या प्रश्नात तसे नसले, तरी कमी उतरलेली आंबट कॉफी आणि मुळात सुंदर आंबटपणा असलेली कॉफी यांची गल्लत अनेक जण करतात. चांगल्या आंबटपणाच्या पाठोपाठ गोडवा येतो, हा त्यातला भेद.

तापमानाविषयी मात्र फार चिंता करू नये. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८७, ९० आणि ९३ अंशांना ठिबक पद्धतीची कॉफी केली, परंतु कडकपणा आणि उतरलेला अंश मुद्दाम सारखा ठेवला. तेव्हा चाखणाऱ्या प्रशिक्षित मंडळींना चवीत तापमानामुळे फारसा फरक सापडला नाही. पाणी कमी गरम असले की अंश कमी उतरतो आणि त्यामुळे चव बदलते, असा याचा मथितार्थ आहे. हलक्या भाजणीच्या बीला मी नुकतेच उकळलेले पाणीच वापरतो, कारण ती बी घट्ट असते आणि सहज काही सोडत नाही.

एक सूचना या निमित्ताने करावीशी वाटते. पाचवे भांडे घेण्याचा विचार असेल तर तो बाजूला ठेवून चांगला ग्राइंडर घ्यावा. पुडीत धूळ आणि भरड कण यांची सरमिसळ असेल, तर धुळीतून कडवटपणा आणि भरडातून आंबटपणा एकाच कपात येतो, आणि मग कोणतेही भांडे त्यावर उपाय करू शकत नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे. फ्रेंच प्रेसची कॉफी त्यांना चालणार नाही, कागदातून गाळलेली चालेल, असे कोणी सांगितले. यात तथ्य आहे का? आणि कागदाने चव खरोखरच इतकी बदलते का?

उत्तर : तथ्य आहे. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेऑल नावाची दोन संयुगे असतात, आणि त्यांमुळे रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटले जाणारे, कोलेस्टेरॉल वाढते हे अनेक चाचण्यांतून दिसलेले आहे. कागद त्यांचा बहुतांश भाग अडवतो. पूड पाण्यात उकळून न गाळता घेतलेल्या कॉफीत आणि फ्रेंच प्रेसमध्ये त्यांचे प्रमाण भरपूर असते. एस्प्रेसो आणि मोका पॉट मधे पडतात. वडिलांनी रोज किती कप घ्यावेत हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावे, पण रोजच्या कॉफीसाठी कागदी गाळणी निवडणे हे शहाणपणाचेच आहे.

चवीचे उत्तर आपण स्वतःच एका सकाळी मिळवू शकता, आणि या सदरातल्या सगळ्या प्रयोगांत हा मला सर्वांत आवडतो. फ्रेंच प्रेसमध्ये नेहमीप्रमाणे कॉफी करावी. त्यातला अर्धा भाग तसाच कपात ओतावा आणि उरलेला अर्धा, आधी गरम पाण्याने धुतलेल्या कागदातून दुसऱ्या कपात गाळून घ्यावा. बी तीच, पूड तीच, पाणी तेच, वेळ तोच; फरक फक्त कागदाचा. दोन्ही कप खिडकीच्या उजेडात तिरपे धरावेत. पहिल्याच्या पृष्ठभागावर बारीक तवंग चमकतो आणि पेय गढूळ दिसते. दुसऱ्यातून कपाचा तळ लालसर झाक मारत दिसतो. चाखल्यावर कळते की, ज्याला आपण प्रेसची चव म्हणत होतो त्यातला फार मोठा वाटा तेलाचा आणि गाळाचा होता. व्ही६०सारख्या, वरून पाणी ओतून केलेल्या कॉफीच्या तो दुसरा कप किती जवळ जातो हे पाहून मला प्रत्येक वेळी नव्याने आनंद होतो.

कागद आधी धुण्याविषयी आळस करू नये. कोरड्या कागदातून गाळलेल्या कॉफीला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, आणि हलक्या भाजणीच्या कॉफीत तो लपत नाही. ड्रेस्डेनच्या मेलिता बेन्ट्स यांनी १९०८ साली कागदी गाळणीचे हक्क नोंदवले, तेव्हा त्यांनी पहिला प्रयोग मुलाच्या वहीतल्या टिपकागदावर केला होता. कपातला चोथा आणि कडवटपणा त्यांना नको होता, आणि कागदाचे काम आजही तेच आहे.

प्रश्न : कोणत्याही भांड्यात केली तरी माझी कॉफी सपाट लागते, आंबटपणा म्हणून जाणवतच नाही. बी ताजी आहे. पाणी उकळून ठेवले की पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो.

उत्तर : आपणच कारण लिहिले आहे. तो पांढरा थर म्हणजे पाण्यात बायकार्बोनेट नावाचे क्षार बरेच असल्याची खूण; हे क्षार कॉफीतल्या आम्लांना मारतात, आणि आपण इतक्या निगुतीने उतरवलेला आंबटपणा कपात पोहोचण्याआधीच खर्ची पडतो. पाणी दहा मिनिटे खळखळून उकळावे, झाकून निवू द्यावे आणि तळाचा थर न ढवळता वरचे पाणी दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावे. त्यातली बरीच बायकार्बोनेटे थराबरोबर खाली बसलेली असतात. याहून चांगले म्हणजे आपले पाणी आणि क्षार काढलेले पाणी निम्मेनिम्मे मिसळून पाहावे. संपूर्ण क्षारविरहित पाणी मात्र वापरू नये, त्यातली कॉफी टोचरी आणि पोकळ लागते.

प्रश्न : चार कप समोर ठेवले की मला प्रत्येक घोटाला नवे मत सुचते. आपल्याला जाणवलेला फरक खरा आहे की मनाचा खेळ, हे कसे ठरवावे?

उत्तर : हा प्रश्न प्रत्येक प्रामाणिक चाखणाऱ्याला पडतो, आणि त्यावरचा उपाय घरात दुसरे एक माणूस असले की होतो. एकसारखे तीन कप घ्यावेत. आपण पाठ फिरवावी आणि त्या व्यक्तीने दोन कपांत एका भांड्यातली कॉफी व तिसऱ्यात दुसऱ्या भांड्यातली कॉफी ओतावी. आपले काम इतकेच की वेगळा कप ओळखायचा. चवीचे वर्णन करायचे नाही, कोणती चांगली हेही सांगायचे नाही. नुसत्या अंदाजाने एकदा बरोबर येण्याची शक्यता तीनात एक आहे, पण लागोपाठ चार वेळा बरोबर येण्याची शक्यता ८१मध्ये एक. चारही वेळा ओळखले तर फरक खरा आहे असे खुशाल धरावे. नाही ओळखले तर तेही नोंदवून ठेवावे, कारण ते उत्तरही तितक्याच मोलाचे आहे.

कप एकाच वेळी तयार व्हावेत यासाठी क्रम लावावा लागतो. प्रेस सर्वांत आधी सुरू करावी. चार मिनिटांनी वरची साय मोडून आणखी पाच मिनिटे गाळ खाली बसू द्यावा, दट्ट्या तळापर्यंत दाबू नये. त्या नऊ मिनिटांत मोका पॉट, व्ही६० आणि शेवटी एअरोप्रेस उरकते. चाखण्याची घाई करू नये. वाफाळत्या घोटात जिभेला फारसे कळत नाही. सुमारे ५० अंशांच्या खाली आंबटपणा आणि गोडवा उलगडू लागतो, आणि अंगाइतक्या कोमट कपात दोष लपत नाहीत. मी प्रत्येक कपाविषयी तीन वेळा लिहितो : गरम असताना, कोमट झाल्यावर आणि पूर्ण निवल्यावर. पहिल्या नोंदीत पहिला आलेला कप तिसऱ्या नोंदीत शेवटी गेला, असे माझ्या वहीत अनेकदा घडलेले आहे.

प्रश्न : एकाच दिवशी इतकी कॉफी पिणे मला झेपत नाही. रोज एक भांडे असे चार आठवडे तुलना केली तर चालेल का?

उत्तर : चार आठवड्यांत बी बदलते, आणि मग फरक भांड्याचा की दिवसांचा हे सांगता येत नाही. भाजल्यानंतर बी कार्बन डायऑक्साइड सोडत राहते. पहिल्या दोन-चार दिवसांत तो इतका असतो की गरम पाणी पडताच पूड फुगून फेसाळते आणि पाण्याला नीट भिडू देत नाही, तर महिन्याभराने फुगवटा मावळतो आणि सुगंधही उडू लागलेला असतो. हलक्या भाजणीची बी मी भाजल्यानंतर साधारण दहाव्या दिवशी हाती घेतो. आपण त्याच सुमारास १५-१५ ग्रॅमच्या पुड्या बांधून, हवा काढून, घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात आणि लागेल तेव्हा एक पुडी काढून, ती उघडण्याआधी घरातल्या तापमानाला येऊ देऊन मग दळावी, म्हणजे बीवर दव धरत नाही. एका बैठकीत दोनच भांडी घ्यावीत, त्यातले एक दर वेळी तेच ठेवावे, आणि प्रत्येक कपातून दोन-तीन चमचेच चाखून बाकीची कॉफी घरातल्यांना द्यावी.